कृत्रिम सुगंध आणि गोड्या पाण्यातील मासे

सुगंधाची आवड मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. देवालयातील धूप, लग्नघरातील अत्तर व गुलाबपाणी, दिवाळीच्या पहाटेचे उटणे, यांवाचून आपल्याकडील मंगल प्रसंग पुरा होत नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी जनांनी बाळ येशूच्या चरणी ज्या भेटी ठेविल्या, त्यांत सोन्याच्या जोडीस ऊद व गंधरस ही सुगंधी द्रव्येच होती. अशा या निर्मळ वस्तूपासून कोणास पीडा होत असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुगंधाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी तो फुलांतून, लाकडांतून व प्राण्यांपासून मिळत असे. आज तो बहुतांशी कारखान्यांत तयार होतो. पूर्वी तो कानामागे लावलेल्या फायाइतका असे. आज तो प्रत्येक घरातील साबणात, कपडे धुण्याच्या चुऱ्यात, शाम्पूत व फरशी पुसण्याच्या पाण्यात असतो. न्हाणीघरातून तो मोरीत जातो, मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. नदीत मासे राहतात. त्यांचे पुढे काय होते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहो.

प्रथम या कृत्रिम सुगंधाची उत्पत्ती पाहू. सर्व सुगंधी द्रव्यांत कस्तुरीचा मान मोठा. हिमालयातील कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखाली, नाभीच्या जवळ, एक ग्रंथी असते; तिच्यात हे द्रव्य साठते. एका मृगापासून सुमारे दोन तोळे कस्तुरी मिळे, आणि तेवढ्यासाठी त्या गरीब जनावराचा जीव घेतला जाई. इ. स. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटक द्रव्यांवर प्रयोग करीत असता, त्याने सिद्ध केलेल्या एका पदार्थास कस्तुरीसारखा वास येतो, असे त्यास आढळून आले. सुरुंगाच्या दारूचा हा भाऊबंद पुढे अत्तरांच्या बाटलीत जाऊन बसला! त्याच मार्गाने मस्क झायलीन, मस्क कीटोन इत्यादी द्रव्ये निघाली. त्यांस ‘नायट्रो कस्तुरी’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅलक्सोलाइड व टोनालाइड ही निराळ्या घडणीची द्रव्ये प्रचारात आली, आणि आज साबण व धुण्याची पूड यांत त्यांचाच भरणा विशेष आहे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. कृत्रिम कस्तुरी स्वस्त झाल्यामुळे खऱ्या कस्तुरीची मागणी कमी झाली, आणि कित्येक मृगांचे प्राण वाचले. आपल्या देशात इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाच्या शिकारीस मनाई आहे, व कायद्याच्या या कामास कृत्रिम द्रव्याचे साहाय्यच झाले. सारांश, हा शोध केवळ दुष्ट हेतूने किंवा अविचाराने लागला, असे नव्हे. परंतु डोंगरावरील एका प्राण्याचे ओझे उतरविताना ते आपण नकळत पाण्यातील दुसऱ्या प्राण्याच्या पाठीवर ठेविले.

हे कसे घडते, ते समजण्यास या द्रव्यांचे दोन गुण ध्यानात ठेवावेत. पहिला गुण असा की, ती पाण्यात फार थोडी विरघळतात, पण तेलात व चरबीत सहज विरघळतात. दुसरा असा की, ती लवकर कुजत नाहीत. कारखानदारास हे दोन्ही गुण हवेच असतात. कपडा चार पाण्यांतून काढला, उन्हात वाळविला, तरी त्यास वास राहिला पाहिजे. म्हणजे सुगंधी द्रव्य पाण्याबरोबर वाहून न जाता धाग्यास चिकटून बसले पाहिजे, आणि हवेने व सूर्यप्रकाशाने नाश पावता कामा नये. ज्या गुणांमुळे हे द्रव्य ग्राहकास प्रिय होते, त्याच गुणांमुळे ते माशास बाधक होते. जो अंश पाण्याबरोबर नाल्यात जातो, तो तेथेही पाण्यात राहू इच्छीत नाही. त्यास चरबी हवी असते, आणि नदीत चरबी मिळण्याचे ठिकाण म्हणजे माशांचे शरीर.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, हे आमच्या बालवाचकांस ठाऊक आहेच. तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांच्या तांबड्या झालरीवरून सतत वाहते, आणि त्या पातळ त्वचेतून प्राणवायू रक्तात शिरतो. ज्या दाराने प्राणवायू आत येतो, त्याच दाराने ही सुगंधी द्रव्येही आत येतात व चरबीत साठतात. एका प्रयोगात गॅलक्सोलाइड असलेल्या पाण्यात मासे ठेविले असता त्यांच्या शरीरात त्या द्रव्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या सुमारे दीड हजार पट झाल्याचे दिसून आले. हिशेब करून पाहावा. पाण्यात लीटरमागे अवघा अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लक्षावा हिस्सा, असला, तरी त्या मानाने माशाच्या एक किलो वजनात पाऊण मिलिग्रॅम सापडेल. पाणी चाखून किंवा हुंगून ज्याचा पत्ता लागत नाही, ते माशाच्या मांसात उतरते ते असे.

ही गोष्ट प्रथम उघडकीस आली ती जपानात. इ. स. १९८१ मध्ये तोकियो शहराजवळील तामा नदीतील माशांत मस्क झायलीन व मस्क कीटोन ही द्रव्ये असल्याचे तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. ती नदी दाट वस्तीतून वाहते व शहराचे सांडपाणी तिच्यात मिळते. पुढे जर्मनीतील नद्यांत व माशांत गॅलक्सोलाइड व टोनालाइड यांचा शोध लागला. कोणी कारखाना फुटला नव्हता, कोणी विष ओतले नव्हते. लक्षावधी सभ्य कुटुंबांनी आपापले कपडे स्वच्छ धुतले, एवढेच काय ते घडले होते.

आता आपल्या शहराकडे वळू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे खाम नदीच्या काठी वसले आहे. उत्तरेस हर्सूलकडील डोंगरांतून ही नदी उतरते, बेगमपुऱ्याजवळून पाणचक्कीच्या कडेने वाहते, मकाई दरवाजा, महमूद दरवाजा व बारापुल्ला दरवाजा यांच्या पुलांखालून जाते, आणि छावणी मागे टाकून दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्याकडे, नाथसागराच्या दिशेने, निघते. शहराच्या पूर्वेची सुखना नदीही अशीच वस्तीतून वाहते. मलिक अंबरने ज्या काळी नहरींचे पाणी खापरी नळांतून शहरात खेळविले, त्या काळी खामेचे पात्र केवढे निर्मळ असेल, याची कल्पना पाणचक्कीच्या हौदाशी क्षणभर उभे राहिल्याने येते. शहर वाढले, तशी ही नदी सांडपाण्याची वाहिनी होऊन बसली. इ. स. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद व काही संस्था यांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले आहे, आणि तिच्या काठांचा केरकचरा हटवून झाडे लाविली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु काठावरचा कचरा डोळ्यांस दिसतो, तसा पाण्यात मिसळलेला सुगंध दिसत नाही.

तो किती असेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी स्वतः गणित मांडून करावा. इ. स. २०११ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या पावणेबारा लक्षांच्या घरात होती. पाच माणसांचे एक कुटुंब धरिले, तर सुमारे २,३५,००० कुटुंबे होतात. प्रत्येक कुटुंब रोज ५० ग्रॅम धुण्याची पूड वापरते, आणि त्या पुडीत शेकडा अर्धा भाग सुगंधी द्रव्य आहे, असे उदाहरणादाखल समजू. तर रोज ११,७५० किलो पूड, आणि तिच्यासोबत सुमारे ५९ किलो सुगंध मोरीत जाईल; वर्षाकाठी तो २१ टनांहून अधिक भरेल. यातील सर्व द्रव्य चिवट जातीचे नसते. पुष्कळसे उडून जाते किंवा जंतू खाऊन टाकतात. काही कपड्यांसही चिकटून राहते. तरीही गणिताचा बोध स्पष्ट आहे : थेंब लहान असला तरी मोऱ्या असंख्य आहेत, आणि त्या रोज वाहतात.

कोणी म्हणेल, सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत ना? होय, आहेत, कांचनवाडी येथील केंद्राची क्षमता दिवसास १६१ दशलक्ष लीटर आहे. अशा केंद्रांत जंतूंच्या साहाय्याने मळ कुजवून टाकतात, आणि त्याने फार मोठे काम होते. पण कस्तुरीजातीय द्रव्ये तेथे पूर्णपणे नाश पावत नाहीत. त्यांचा बराच अंश गाळास चिकटून गाळाबरोबर वेगळा होतो, आणि उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. शिवाय नायट्रो कस्तुरीचे जंतूंच्या योगाने जे रूपांतर होते, ते कित्येकदा मूळ द्रव्याहून जलचरांस अधिक घातक ठरते. यास्तव केंद्रावर सर्व भार टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

माशांस यापासून प्रत्यक्ष अपाय कोणता होतो, हा आता मुख्य प्रश्न. येथे अतिशयोक्ती करू नये. नदीच्या पाण्यात आढळणाऱ्या सुगंधाने मासा तडफडून मरत नाही. एखाद्या नाल्यात मासे उलटे तरंगताना दिसतात, तेव्हा त्याचे कारण बहुधा प्राणवायूची टंचाई हे असते. मैला व साबणाचे पाणी कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. मरळ व मांगूर यांस हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ते तग धरतात; रोहू, कटला, मृगळ यांस तो उपाय नसतो. सुगंधाचा अपाय याहून मंद, आणि म्हणूनच ओळखण्यास कठीण, असा आहे.

पहिला अपाय वाढीचा. प्रयोगशाळेत गॅलक्सोलाइड व टोनालाइड यांच्या पाण्यात माशांची अंडी व पिले ठेविली असता, लीटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पिलांची वाढ खुंटू लागते. नद्यांत सामान्यतः आढळणारे प्रमाण याहून पुष्कळ कमी असते, हे खरे. पण प्रयोगातील मासा काही आठवडे त्या पाण्यात असतो, नदीतील मासा जन्मभर असतो, आणि त्याच्या भोवती एकच द्रव्य नसून शेकडो द्रव्ये असतात. दुसरा अपाय प्रजोत्पादनाचा. या कस्तुरीद्रव्यांचा माशांच्या शरीरातील स्त्रीरसाच्या कार्यात अडथळा होतो, असे इ. स. २००४ मध्ये लहान माशांवरील प्रयोगांत दिसून आले. तिसरा अपाय संरक्षणाचा. इ. स. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील समुद्रशिंपल्यांच्या कल्ल्यांवर प्रयोग झाला. पेशीत शिरू पाहणारे परके पदार्थ बाहेर हाकलून लावणारे जे पहारेकरी तेथे असतात, ते या सुगंधी द्रव्यांनी निकामी होतात, आणि द्रव्य काढून घेतल्यावरही काही काळ ते पूर्ववत होत नाहीत. म्हणजे सुगंध स्वतः चोरी करीत नाही, पण दाराची कडी काढून ठेवितो. मग इतर विषे आत शिरतात.

आपल्याकडील माशांवरही प्रयोग झाले आहेत, ते मात्र निराळ्या द्रव्यावर. सुगंध पातळ करण्यास व तो फार वेळ टिकविण्यास डायएथिल थॅलेट नामक द्रव वापरतात. अत्तरे, दाढीनंतर लावावयाची पाणी, उदबत्त्या यांत तो असतो. इ. स. २००२ मध्ये मृगळ माशाच्या पिलांवर याचा अभ्यास झाला, आणि त्यांच्या शरीरातील पाचक व अन्य रसांच्या कार्यात बिघाड दिसून आला. पुढे इ. स. २००७ मध्ये मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी सायप्रिनस, म्हणजे सामान्य कार्प, या माशाचे नर अशा पाण्यात २८ दिवस ठेविले. त्या नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन वाढले. हे प्रथिन म्हणजे अंड्यातील बलकाचा कच्चा माल. ते एरवी अंडी घालणाऱ्या मादीच्या शरीरात तयार होते, नरास त्याचे काय प्रयोजन? शिवाय त्या नरांच्या वृषणांचे वजनही घटले. प्रयोगांतील प्रमाणे नदीतील प्रमाणाहून मोठी होती, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परंतु नराच्या देहात मादीचे कार्य सुरू व्हावे, ही गोष्ट विचारी मनुष्यास थबकविणारी नव्हे काय?

चौथा अपाय माशाच्या ज्ञानेंद्रियांचा, आणि तो आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. माशास नाक असते. ते श्वासाकरिता नसून केवळ वासाकरिता असते. पुढील छिद्रातून पाणी आत येते, आतील घड्यांवरून जाते व मागील छिद्रातून बाहेर पडते. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? तेथे मासा वासाने अन्न शोधतो, वासाने जोडीदार ओळखतो व वासाने शत्रू जाणतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने इ. स. १९३८ मध्ये दाखवून दिले की, एका लहान माशाची कातडी फाटली म्हणजे तिच्यातून एक द्रव्य पाण्यात पसरते, आणि त्याच्या वासाने त्याचे सोबती भयभीत होऊन पळतात. आपले रोहू व मृगळ याच कार्पकुळातील होत. अमेरिकेत इ. स. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर याहून नवलाचा आहे. सामन जातीच्या पिलांस काही दिवस गुलाबासारख्या वासाच्या एका द्रव्याचा अत्यल्प अंश असलेल्या पाण्यात वाढविले व मग मिशिगन सरोवरात सोडून दिले. सुमारे दीड वर्षाने, अंडी घालण्याच्या समयी, ज्या ओढ्यात संशोधकांनी तोच वास मिसळला होता, त्या ओढ्याकडे ते मासे शोधीत आले. एवढ्याशा सुगंधास जो प्राणी आपल्या घराची खूण समजतो, त्याच्या पाण्यात आपण शेकडो परके वास ओतीत आहो! त्यातच धुण्याच्या पुडीचा फेस. इ. स. १९६५ मध्ये मिशाळ जातीच्या माशांवर झालेल्या प्रयोगात, लीटरमागे अर्धा मिलिग्रॅम कृत्रिम साबणद्रव्यानेही त्यांच्या मिशांवरील रुची घेणारे अवयव खराब झाल्याचे आढळले.

कोणी विचारील, माशांची एवढी चिंता कशास? उत्तर पैठणास आहे. जायकवाडीच्या धरणाने, ज्याचे उद्घाटन इ. स. १९७६ मध्ये झाले, गोदावरी अडवून नाथसागर निर्माण केला. त्याच्या काठच्या मच्छीमार कुटुंबांची भाकरी या माशांवर आहे. तेथील मासळी आपल्या बाजारात येते, आणि त्याच जलाशयाचे पाणी नळांतून आपल्या घरी येते. येशूचे पहिले शिष्य गालील सरोवराचे कोळी होते. जाळे रिते निघाल्याचे दुःख त्या शुभवर्तमानाच्या वाचकांस अपरिचित नाही. नदी, मासा, कोळी व नगरवासी ही एकाच साखळीची कडी आहेत. पहिली कडी गंजली, तर शेवटची सुरक्षित कशी राहील?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गॅलक्सोलाइडादी द्रव्ये चरबीत साठत असली, तरी मासा स्वच्छ पाण्यात आला म्हणजे थोड्याच दिवसांत त्याच्या शरीरातून त्यांचा बराच अंश निघून जातो. खरी अडचण ही की, आपण त्यास स्वच्छ पाण्याचे थोडे दिवसही देत नाही. अन्य देशांत कायदे झाले आहेत. युरोपीय संघाने मस्क झायलीन हे अतिशय चिवट व सजीवांत साठणारे द्रव्य ठरवून इ. स. २०१४ पासून परवान्यावाचून त्याच्या वापरास बंदी केली. आणि कपड्यांस वास टिकावा म्हणून सुगंध ज्या सूक्ष्म प्लास्टिकच्या गोळ्यांत भरतात, त्यांवरही इ. स. २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने निर्बंध घातले. कायद्याने जे होते ते कायद्याने होईल. घरातून जे व्हावयाचे ते आपणच केले पाहिजे.

पालकांस आमची विनंती अशी की, धुण्याची पूड मापून घ्यावी. मूठभर अधिक टाकल्याने कपडा अधिक स्वच्छ होत नाही, अधिक वास मात्र येतो. धुतल्यावर पुन्हा सुगंधी द्रवात बुडविण्याची चाल सोडता येण्यासारखी आहे. उन्हात वाळलेल्या कपड्यास जो वास येतो, त्याहून चांगला वास कोणत्या बाटलीत आहे? बिनवासाचा साबण मिळत असल्यास तो घ्यावा. उरलेले अत्तर, फवारे व फरशीचे सुगंधी द्रव मोरीत ओतू नयेत. नदीत, तलावात किंवा विहिरीच्या काठी कपडे व वाहने धुऊ नयेत. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. रिठे व शिकेकाई ही वनस्पतिज असल्याने ती निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. रिठ्याच्या फेसाने मासे गुंगतात व मरतात, आणि अनेक ठिकाणी लोक मासे धरण्यास त्याचा उपयोग करीत आले आहेत. ती लवकर कुजतात एवढा त्यांचा गुण. परंतु वाहत्या ओढ्यात तीही टाकू नयेत. ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने विवेकाची सुटी होत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक काम सांगून हा लेख पुरा करितो. आपल्या घरात वास असलेल्या किती वस्तू मोरीवाटे जातात, त्यांची एक आठवडाभर यादी करा. साबण, पूड, शाम्पू, दंतमंजन, फरशीचे पाणी, सर्व लिहा, आणि प्रत्येकीचे रोजचे माप समोर मांडा. मग आईवडिलांजवळ बसून, त्यांतील कोणत्या वस्तूवाचून घराचे काही अडणार नाही, ते ठरवा. यादीतील एक ओळ खोडली गेली, तरी खामेच्या पाण्यात तेवढा भार उणा होईल. मासा मुका आहे. आपल्या पाण्यात काय आले, ते तो सांगू शकत नाही. ज्यास वाणी व विचार या दोन्ही देणग्या मिळाल्या आहेत, त्याने त्याच्या वतीने विचार करावा, हे उचित होय.